मागच्या दारची मगर

आमच्या घरात अंडी चोरीला जायला लागली तेव्हा पहिला संशय माझ्या नवऱ्यावर गेला, आणि तो जावा असाच नवऱ्याचा पूर्वेतिहास होता.

आषाढ लागायच्या सुमाराला सासूबाई विंचूरकडच्या आमच्या गावाहून नाशिकला येतात. वर्षावासाचे, म्हणजे भिक्खू पावसात एकाच जागी राहतात ते, तीन महिने रोज दुपारी विहारात ग्रंथवाचन असतं आणि आमच्या कॉलनीतलं विहार घरापासून हाकेच्या अंतरावर. गावी चिखल तुडवत जाण्यापेक्षा हे बरं पडतं. एरवी त्यांच्याबरोबर एक पिशवी आणि एक छत्री असते. या वर्षी रिक्षातून पिशवी उतरली, छत्री उतरली आणि पाठोपाठ एक भोकं पाडलेलं खोकं उतरलं. खोक्यात दोन कोंबड्या होत्या.

"आई, हे काय?" नवऱ्याने विचारलं.

"सून दिवसभर शाळेत उभी ऱ्हाती. तिचे पाय दुखत्यात. तिला गावठी अंडं पायजे," सासूबाई म्हणाल्या आणि खोकं घेऊन थेट मागच्या दारी गेल्या.

त्या स्वतः वर्षावासात अंडं-मटण काही खात नाहीत. नवऱ्याच्या रक्ताच्या रिपोर्टवर बोट ठेवून डॉक्टरांनी 'पिवळं बंद' असं सांगितलेलं. म्हणजे दोन्ही कोंबड्या केवळ माझ्या पायांसाठी आल्या होत्या. कुणी माझ्यासाठी इतकं केल्याला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे मी त्या कोंबड्यांना विरोध करू शकले नाही.

आमचं घर पाथर्डी फाट्याच्या पुढे, रो-हाऊसच्या रांगेतलं शेवटचं. शेवटचं म्हणून मागे थोडी जास्त जागा मिळाली आहे, तिला आम्ही बाग म्हणतो. नवऱ्याने तिथे दोडक्याचा मांडव घातलाय, कारली लावलीत, अळू आहे, पपई आहे, आणि कपडे धुवायच्या दगडाजवळ गवती चहाचं असं रान माजलंय की त्यात बादली हरवली तर ती दिवाळीच्या साफसफाईतच सापडते. भिंतीपलीकडे नाला. उन्हाळ्यात त्या नाल्याला कुणी विचारत नाही. पावसाळ्यात तो फुगतो आणि मग त्यातून काय काय आमच्याकडे राहायला येतं. बेडूक तर घरचेच झालेत. गोगलगायी अळूच्या पानांना अशा चिकटलेल्या असतात की वड्या करायच्या आधी पानं एकेक करून झटकावी लागतात.

कोंबड्या या बागेत रमल्या. पपईखाली जुनं टोपलं उलटं टाकून नवऱ्याने त्यांना घर करून दिलं. अंडी मिळायला लागली. मग एके दिवशी नुसतं टोपलं मिळालं. नंतर पुन्हा.

"बोक्याचं काम असेल," मी म्हणाले.

"बोका टरफल टाकून जातो. हितं टरफल बी नाय," सासूबाई म्हणाल्या आणि मुलाकडे पाहिलं.

मीही पाहिलं. 'पिवळं बंद' झाल्यापासून अंड्याचा बलक हा आमच्या घरात बोलायचा विषय राहिला नव्हता, पण नवऱ्याच्या डोळ्यांत तो दिसायचा. पूर्वी एकदा ऑफिसच्या डब्याला भेंडीची भाजी नेतो म्हणून गेलेला हा माणूस कोपऱ्यावरच्या गाडीवर ऑम्लेट-पाव खाताना माझ्याच शाळेच्या शिपायांना सापडला होता.

"आई, मी काय कच्ची अंडी पितो का?"

"ल्हानपणी प्यायचास. भोक पाडून. आन् भोकाचा भाग खाली करून जागच्या जागी ठिवायचास."

नवरा उठून दोडके तोडायला गेला.

संध्याकाळी आम्ही तिघं वंदनेला बसायचो. पंचशील म्हणताना सासूबाईंचा आवाज एका पट्टीत असतो. त्या संध्याकाळी दुसरं शील आलं, न दिलेलं घेणार नाही ते, तेव्हा 'अदिन्नादाना' म्हणताना त्यांनी आवाज चढवला आणि मिटलेले डोळे उघडून मुलाकडे बघितलं. तिसऱ्या शीलाला त्याला सूट मिळाली. चौथं, म्हणजे खोटं बोलणार नाही, ते आल्यावर पुन्हा डोळे उघडले. नवरा बिचारा हात जोडून, मान खाली घालून बसला होता. मला हसू आवरेना म्हणून मी खोकल्याचं निमित्त करून आत गेले.

खरी गोष्ट एका रविवारी सकाळी कळली. चार-पाच दिवस संततधार लागलेली. त्या दिवशी पाऊस थांबला आणि लख्ख ऊन पडलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कणीक मळत होते. नवरा आंघोळीला गेला होता, सासूबाई पुढच्या पायरीवर तांदूळ निवडत होत्या. धुण्याच्या दगडावर पाण्याचा पाइप पडलेला दिसला. मनात आलं, ह्यांना कितीदा सांगितलं पाइप गुंडाळून ठेवा म्हणून. तेवढ्यात पाइपाने मान वर केली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. सरपटणारे प्राणी हा तर माझा आवडीचा धडा. तक्त्यावर पट्टी ठेवून मगर, घोरपड, सरडा, पाल यांतले फरक मी मुलांकडून घोकून घेते. पण तक्त्यावरचा प्राणी आपल्याकडे बघत नसतो. हा बघत होता. खरखरीत मातकट अंग, जाड शेपटी, वाकडे पाय, आणि गळ्यापाशी नुकतंच काहीतरी गोल उतरत असल्याचा फुगवटा.

"मगर!" मी किंचाळले. "अहो, मगर!"

किंचाळी संपायच्या आत तिने जीभ बाहेर काढली. लांब, दुभागलेली. मगरीची जीभ तोंडाबाहेर येत नाही, हे मीच दरवर्षी फळ्यावर लिहून देते. घोरपड होती ती. चांगली जुनीजाणती, धट्टीकट्टी घोरपड. माझी किंचाळी तिला आवडली नसावी. ती दगडावरून उतरून गवती चहात शिरली.

नवरा टॉवेलवर धावत आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "गिळताना पाहिलंस ना? नक्की?"

"पाहिलं."

"आईला सांग." आणि तो तसाच, अंगावरून पाणी निथळत, पुढच्या दारी गेला. "आई! चोर सापडला! मी नव्हतो!"

इकडे निर्दोष सुटल्याचा आनंद चालू होता आणि तिकडे माझी किंचाळी रस्ता ओलांडून गेली होती. समोर राहणारे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. धरण, कालवा, पूर यांबद्दल कॉलनीत त्यांचा शब्द शेवटचा. ते गटार मोकळं करत उभे होते. 'मगर' हा शब्द कानावर पडताच त्यांनी हातातली काठी टाकली आणि मोबाइल काढला. मी केस सावरून बाहेर येईपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर निरोप गेलेला होता: 'सावधान. मागील नाल्यात मगर. सायन्सच्या मॅडमनी स्वतः पाहिली.'

"काका, घोरपड आहे ती," मी फाटकापाशी जाऊन म्हणाले.

"मॅडम, तुम्ही मगर म्हणालात. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"घाबरून म्हणाले. मगर नाही."

"पहिल्या नजरेला माणूस खरं तेच बोलतो. धरणातून पाणी सोडलंय. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय. मगरी वाहत खाली येणारच."

"पण काका, आपला नाला गोदेला जाऊन मिळतो. मगर वाहत आली तर पुढे जाईल. उलटी आपल्याकडे कशी येईल?"

काकांनी दया येऊन माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, पोहता येतं तिला."

मी ग्रुपवर लिहिलं, 'ती घोरपड आहे. काळजी नसावी.' त्यावर हात जोडलेली बरीच चिन्हं आली आणि एकीने लिहिलं, 'लोकांनी घाबरू नये म्हणून सांगताय ना मॅडम? कळलं.' त्यानंतर मी लिहिणं सोडलं. विज्ञानाची बाई मगर म्हणाली हा पुरावा होता. तीच बाई घोरपड म्हणते ही सारवासारव होती.

दुपारपर्यंत आमच्या दारात जत्रा. छत्र्या घेऊन माणसं येत होती. कुणी भिंतीवरून डोकावत होतं, कुणी फोटोसाठी पाठमोरं उभं राहत होतं. संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांनी नाल्याकडचा रस्ता बंद केला. भाजीवाल्याने गाडी आमच्या फाटकाशी आणून लावली आणि त्या दिवशी त्याची कोथिंबीर सगळ्यात आधी संपली.

घोरपड मात्र या सगळ्यात दिसली नाही. ती बहुधा ऐकत असावी.

पुढचे काही दिवस आमच्या घरात फार कठीण गेले. कोंबड्या बाहेर ठेवायची सोय राहिली नाही, म्हणून सासूबाईंनी त्यांना न्हाणीघरात हलवलं. सकाळी आंघोळीला गेलं की एक कोंबडी बादलीच्या काठावर, दुसरी खिडकीत. आपण अंगावर पाणी घेत असताना कुणीतरी मान तिरकी करून एका डोळ्याने पाहतंय, याची सवय होत नाही. नवरा तर आंघोळीआधी त्यांना "जरा तिकडे बघा" म्हणायला लागला.

ऊन पडलं की घोरपड दगडावर येऊन पसरायची. सासूबाई मागच्या पायरीवर खराटा घेऊन बसायच्या. मारायचं नाही हे पक्कं ठरलेलं. पहिलंच शील जीवहत्येचं. त्यामुळे सगळा मामला बोलाचालीवर आला होता.

"ए बाई," त्या म्हणायच्या, "जा की गं आता. तुला काय पोरंसोरं नाय का? किती दिस बसती दुसऱ्याच्या दारात?"

घोरपड जीभ काढून आत घ्यायची.

"वेडावू नको. मोठ्या माणसाला वेडावत्यात का?"

एकदा मी शाळेतून लवकर आले तर सासूबाई तिला गुडघेदुखी समजावून सांगत होत्या. खराटा बाजूला पडला होता. घोरपड डोळे मिटून होती.

पण काका स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांनी कुणाकडून तरी सर्पमित्राचा फोन मिळवला. पुढच्या सुट्टीला सकाळी सगळी कॉलनी रस्त्यावर जमली. जाडजूड बूट घातलेला, दाढीवाला कोणीतरी येईल अशी सगळ्यांची कल्पना. स्कूटीवरून एक सडपातळ मुलगी उतरली. पाठीवर सॅक, हातात पकडकाठी, रेनकोट तिच्यापेक्षा दोन मापं मोठा. आठवडाभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि सुट्टीला साप पकडते, असं तिने सांगितलं.

"मगर पकडता येते ना?" काकांनी विचारलं.

"मगर?" ती दचकली. "मला तर फोनवर साप सांगितला."

"मगर सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता," काका म्हणाले.

मी तिला बाजूला घेऊन घोरपड असल्याचं सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. "ताई, खरं सांगू? सापाचं मला काही वाटत नाही. घोरपड मी आजवर दोनदाच पाहिलीय. दोन्ही वेळा ती पळाली."

"आणि तू?"

"मी पण."

तरी मुलगी जिद्दीची. तिने आधी वनखात्याला फोन करून कळवलं, मग पोतं उघडून नवऱ्याच्या हातात दिलं आणि काठीने हलकेच गवती चहा बाजूला केला. काही क्षण काहीच झालं नाही. मग चहातून एक फूत्कार आला, कुकरची शिट्टी सैल पडल्यासारखा, आणि घोरपड बाहेर पडली. पोत्याकडे ती गेली नाही. दोडक्याच्या मांडवावर चढली, तो तिच्यासकट खाली बसला, तिथून ती नवऱ्याच्या दोन पायांमधून घराच्या कडेच्या बोळात आणि बोळातून थेट रस्त्यावर.

रस्त्यावर कॉलनी उभी होती. पुढच्या क्षणी तिथे फक्त चपला होत्या. माणसं फाटकांवर, कठड्यांवर, एक गृहस्थ भाजीच्या गाडीवर. मोकळ्या रस्त्यावरून घोरपड शेपटी हलवत पलीकडे गेली. समोर एकच दार सताड उघडं होतं. काका मगर बघायला घाईघाईने निघाले होते, त्यांचंच.

काका पळत जाऊन त्याच दारात उभे राहिले होते. ती एका बाजूने आत शिरली आणि काका दुसऱ्या बाजूने आत पळाले. बाहेर पळायचं त्यांना सुचलं नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा काका दिवाणावर उभे, पाठ भिंतीला, हातात उशी. "मगर! मगर आत आलीय!"

काकू स्वयंपाकघरातून झारा घेऊन आल्या. त्यांनी एकवार खोलीभर नजर फिरवली. घोरपड खिडकीच्या पडद्याला नखं रोवून वर चढत होती. वरच्या दांडीपर्यंत पोहोचली होती.

"अहो," काकू शांतपणे म्हणाल्या, "मगर पडद्यावर चढते का?"

काकांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतके दिवस मी या घडीची वाट पाहत होते, पण दिवाणावर उशी धरून उभ्या असलेल्या माणसाला काय बोलायचं?

"लहान असेल अजून," काका पुटपुटले.

पडद्याची दांडी निघाली. घोरपड पडद्यासकट खाली आली आणि काचेच्या कपाटाखाली घुसली. कपाटात काकांना निरोप समारंभात मिळालेलं धरणाचं छोटं मॉडेल होतं. नवरा वाकून शेपटीला हात घालणार तेवढ्यात ती मुलगी ओरडली, "ओढू नका! नखं रोवलीत तिने. कपाट येईल, ती येणार नाही."

"मग काय करायचं?"

"वाट बघायची."

मग आम्ही वाट बघितली. तिने पोतं कपाटासमोर तोंड उघडं करून अंथरलं आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. बाहेर पाऊस सुरू झाला. काकूंनी चहा टाकला. आल्याचा वास सुटला. दारातून, खिडकीतून माणसं न बोलता आत बघत होती. आम्ही जमिनीवर बसून चहा घेतला. काका खाली उतरायला तयार नव्हते, म्हणून त्यांचा कप नवऱ्याने वर नेऊन दिला. काका दिवाणावर उभ्यानेच बशीत ओतून चहा प्यायले. कपाटाखालून अधूनमधून फुस्स येई आणि बशी हाले.

एवढ्यात सासूबाई आल्या. त्या आमच्या मागे धावल्या नव्हत्या. गुडघ्यांना ते जमत नाही. छत्री मिटली, पदर खोचला आणि ओच्यातून अंडं काढलं. न्हाणीघरातलं, त्या सकाळचं, अजून कोमट असावं.

"मावशी, जवळ नका जाऊ," मुलगी म्हणाली.

"मला वळखती ती," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी अंडं पोत्याच्या तोंडातून आत सरकवलं आणि स्वतः जरा लांब, भिंतीला टेकून बसल्या. "ये बाई. लय तमाशा झाला. खा आन् जा."

बराच वेळ गेला असं मला वाटलं. मग कपाटाखालून ती दुभागलेली जीभ दिसली, मागून तोंड. तिने खोली हुंगली, काकांच्या दिशेलाही जीभ काढून बघितली, आणि मग सावकाश, घरच्या वाटेने चालावं तशी, पोत्यात शिरली. मुलीने पोत्याचं तोंड आवळलं. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

वनखात्याचा माणूस जीपमधून आला. तिला त्र्यंबकच्या बाजूला डोंगरात सोडायचं ठरलं. काकांना त्याने विचारलं, "मगर दिसली म्हणणारे ते तुम्हीच का?" काका तोवर दिवाणावरून उतरले होते आणि धरणाचं मॉडेल फडक्याने पुसत होते. त्यांनी ऐकलंच नाही.

पोतं जीपमध्ये ठेवताना सासूबाई फाटकाशी आल्या. सकाळपर्यंत त्यांनाच ती जायला हवी होती. आता त्यांचा चेहरा उतरला होता.

"पावसाळ्यात भंतेजीबी जागा सोडत न्हाईत," त्या जीपवाल्याला म्हणाल्या. "तुमी हिला कुठं नेताय? वर्षावास सरू द्यायचा की."

त्याला काही कळलं नाही. तो "हो आजी" म्हणाला आणि जीप सुरू केली.

कोंबड्या परत पपईखाली गेल्या, न्हाणीघर आमचं झालं, नवऱ्याने मांडव पुन्हा उभा केला. ग्रुपवर काही दिवस शुकशुकाट होता. मग पाण्याच्या टाकीवरून भांडण लागलं आणि मगरीचा विषय संपला. काकूंनी नवीन पडदे घेतले आणि दर भेटीत त्या मला सांगतात की जुने त्यांना कधीच आवडले नव्हते.

राहिल्या सासूबाई. त्यांनी त्या मुलीचा नंबर माझ्याकडून मागून घेतला आणि दोन-तीन दिवसांआड फोन करायला लागल्या. एकदा फोन स्पीकरवर होता म्हणून मला ऐकू आला.

"बरी हाय ना ती?"

"मावशी, बरी असेल ना."

"असंल म्हंजे? इचारलं नाय का? तिकडं पाऊस लय."

"मावशी, मी तिला कुठे विचारू? तिचा नंबर नाहीये माझ्याकडे."

सासूबाई म्हणाल्या, "बरं. तू जेवलीस का?"

मुलगी म्हणाली, नाही अजून, लॅबमध्येच आहे, डबा आणायचा राहिला. ती खोली घेऊन एकटी राहत होती, घर पेठ तालुक्यातल्या गावात. हे सासूबाईंनी पुढच्या तीन प्रश्नांत काढून घेतलं.

त्या रविवारी ती जेवायला आली. मापाने मोठा रेनकोट पायरीवर वाळत टाकून आत आली आणि म्हणाली, "मावशी, आज काठी नाही आणली हां." सासूबाईंनी दोडक्याची भाजी केली होती, बाजरीची भाकरी, ठेचा, आणि तिच्या एकटीसाठी दोन अंडी, पिवळ्यासकट.

नवरा ताटाकडे बघत राहिला.